आईचा नमुना शेजारी ठेव

२ फेब्रुवारी

धाकट्या,

फोनवर मी बोलत नाही, भाषण करते, असं तुझं म्हणणं. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या प्रयोगशाळेचा अहवाल काल पाहिला. मला तो कुणी दाखवला नाही. तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला होता, शाळेतलं प्रशस्तिपत्रक मिरवावं तसा. ‘कुटुंबात आढळलेला जनुकीय बदल या व्यक्तीत आढळला नाही.’ खाली तुझी सही, तीच लांब शेपटाची.

माझ्या मुलीने माझ्या पाठीमागे तुला रक्त पाठवलं आणि तू ते घेतलंस. ती सज्ञान आहे, हे मला कायद्याची कलमं सांगून पटवू नकोस. पण तिला काय हवं होतं ते तुला पक्कं ठाऊक होतं. तिला तरणतलावावर जीवरक्षक व्हायचं आहे. त्याच तलावावर. सोळा तारखेला निवडीची चाचणी आहे आणि अर्जाला हृदय ठणठणीत असल्याचा दाखला जोडावा लागतो. तू तिला लहानपणापासून पाणकोंबडी म्हणत आलास. तिने मागितलं आणि मामाने दिलं नाही, असं कधी झालंय? सायकल मागितली, सायकल आली. दुर्बीण मागितली, दुर्बीण आली. या खेपेला तिने दाखला मागितला.

हा आरोप आहे, आणि तो मी आवाज न चढवता करते आहे.

आपली आई पट्टीची पोहणारी. दहा वर्षांपूर्वी एका सकाळी तिथे सूर मारला आणि छातीइतक्या पाण्यातून वर आली नाही. मी तलावाच्या व्यवस्थापनावर मोर्चा नेला. रक्षक जागेवर नव्हता, हे सांगायला साक्षीदार होते. आणि तू कागद घेऊन आलास. दोष ना पाण्याचा, ना माणसांचा; आईच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं आहे, त्यामुळे थंड पाण्यात हृदयाचा ठोका अडखळतो. व्यवस्थापनाने त्या कागदाच्या प्रती काढून माझ्याच सभेत वाटल्या. आपलं बोलणं तिथे संपलं.

पण तो कागद मी मानला, धाकट्या. मोर्चा मागे घेतला, मुलीचं पाणी तोडलं. तिचा ईसीजी काठावरचा होता, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी रोज सकाळी दिली आणि ‘तोंड उघड, जीभ वर कर’ म्हणून गिळल्याची खात्री केली. तुझ्याकडे तिचं रक्त मात्र पाठवलं नाही. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याकडे लेकीचं रक्त कोण पाठवतं? आणि आता तूच त्या सगळ्यावर पाणी सोडायला सांगतोस!

तिच्या बाबांना विचारलं. म्हणाले, “तुझंही बरोबर, तिचंही बरोबर.” या माणसाला न्यायाधीश करायला हवं होतं. एकही खटला निकाली निघाला नसता.

मला एवढंच सांग: नमुना तू वाचलास की दुसऱ्या कुणी? आणि वाचला तरी का?

— मुलीची आई

ता. क. माझी तब्येत उत्तम आहे. कारखान्याच्या फाटकावरच्या सभेत खुर्ची मागवावी लागली, ते उन्हामुळे. कार्यकर्त्यांनी उगाच गवगवा केला. पाणकोंबडीने तुला कळवलं असेलच.

६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. बहिणीला एवढ्या वर्षांनी लिहिलेलं पत्र, आणि ते औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेएवढं! ‘अहवाल बरोबर आहे. सातव्या एक्झॉनमध्ये बदल नाही. विश्वास नसेल तर स्वतः बघ. जनुकांचा सगळा नकाशा इंटरनेटवर उघडा आहे, फुकट आहे, आणि तिथे कामगार संघटनेच्या अध्यक्षांची परवानगी लागत नाही.’

टोमणा पोचला. आणि मी बघितलं.

तुला वाटलं असेल, ही बाई दोन शब्द वाचून संगणक बंद करील. अरे, तीस माणसांच्या वेतनकराराची कलमं मी तोंडपाठ करते, तुझे चार अक्षरांचे मंत्र मला काय अवघड? ते संकेतस्थळ मला आवडलं, हे आधी कबूल करते. जगभरातल्या अभ्यासकांनी मिळून भरलेलं आणि कुणालाही उघडं. ज्ञानाला कुलूप नसावं हे मी मंचावरून घसा फोडून सांगते. इथे ते कुणी तरी करून ठेवलंय.

एक्झॉन म्हणजे काय हे मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं. माझं भाषण ध्वनिमुद्रित होतं तेव्हा त्यात खोकला असतो, घोषणा असतात, “माईक जरा वर करा” असतं. छापायला देताना ते सगळं कापतात आणि कामाचे तुकडे एकमेकांना जोडतात. ते कामाचे तुकडे म्हणजे एक्झॉन. मधला खोकला शरीर कापून टाकतं. त्या संकेतस्थळावर कामाचे तुकडे मोठ्या अक्षरांत आणि खोकला छोट्या अक्षरांत दाखवलेला असतो, प्रत्येक तुकड्याला क्रमांक. स्वच्छ काम आहे. फक्त पूर्ण मजकुरात एक विरामचिन्ह नाही. मुद्रकाने मला असा मजकूर दिला असता तर मी परत धाडला असता.

तुझ्या अहवालावर रंगीत लाटांची पट्टी आहे आणि लाटांखाली अक्षरं आहेत. पाणकोंबडीची ती अक्षरं मी सातव्या एक्झॉनशी ताडून पाहिली. एकेक जुळलं. शाबास.

मग आईचा जुना अहवाल काढला. त्यावरही तशीच पट्टी आहे आणि वर ठळक छापलंय: ‘सातवा एक्झॉन’. ती अक्षरं सातव्यात शोधली. सरळ वाचून पाहिली, उलट वाचून पाहिली, बोट ठेवून पाहिली.

नाहीत. तिथे ती अक्षरंच नाहीत, धाकट्या.

आता सांग, मी काय समजायचं? दोन कागद, दोन्हींवर ‘सातवा’, आणि आतला मजकूर वेगळा. नवा कागद जगाच्या नकाशाशी जुळतो. म्हणजे खोटा कोणता? ज्या कागदाने माझा मोर्चा मोडला, ज्याने त्या तलाववाल्यांना गंगेत धुऊन काढलं, तो! तू तेव्हा प्रयोगशाळेत नवखा होतास. तुला कुणी सांगितलं होतं? कुणी बोलावून चहा पाजला होता?

हे मी उघड सभेत मांडणार आहे. त्याआधी तुला बोलायची संधी देते आहे. ती आपल्या आईची शिकवण. मला विचारशील तर मी दिली नसती.

— आईची मुलगी

११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, असं मी मागच्या पत्रानंतर धरून चालले होते. आता तसं म्हणता येत नाही. सगळं सांगते, पण क्रमाने सांगू दे.

परवा सकाळी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. ती सज्ञान झाल्यापासून ते मी तिच्याच ताब्यात दिलं होतं. जानेवारीची ओळ अख्खी, एकही गोळी फोडलेली नाही. पाणकोंबडी टोस्टला लोणी लावत होती.

“हे काय?”

“मामाने अहवाल दिलाय. मला गरज नाही.”

“अहवाल एक तारखेला आला. तू त्याच्या आधीपासून थांबवल्यास.”

“मला आधीच कळत होतं.”

“तुला? तू काय हृदयाची ज्योतिषी?”

“आई, तुला मामाचा राग आहे तो माझ्या पाण्यात कालवू नकोस.” लोण्याची सुरी तिने खाली ठेवली. “तू मला दहा वर्षं काठावर बसवलंस. सगळ्या मैत्रिणींचे टॉवेल सांभाळले मी. आजी पाण्यात गेली, पण पोहत तरी गेली!”

तिचे बाबा उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. बाहेर अवकाळी पाऊस पडत होता.

मी तिला तुझा जुना कागद खोटा आहे असं सांगितलं असतं तर? ती नाचली असती. आजीला काही नव्हतं, मग मला कुठून असणार! माझ्या तोंडावर ते आलं होतं, आणि ते मी का गिळलं हे मला तेव्हा कळलं नाही.

दुपारी मुद्रकाचा फोन आला. माझ्या भाषणांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. एका वाचकाने पहिल्या भाषणाच्या सातव्या परिच्छेदातली चूक कळवली होती. मी समोर नवी आवृत्ती धरून ओरडत होते, “सातव्या परिच्छेदात काहीही चूक नाही, तुमच्या वाचकाला चष्मा द्या!”

“बाई, तो वाचक जुनं पुस्तक बघतोय. तुम्ही या खेपेला सुरुवातीचं संबोधन वेगळा परिच्छेद म्हणून धरायला लावलंत ना? सगळे एकेक पुढे सरकले. त्याचा सातवा तो तुमचा आठवा.”

मी फोन ठेवला. निरोपही घेतला नाही.

त्या संकेतस्थळावर आपल्या जनुकाचं पान उघडलं की वर एक यादी येते. एकाच जनुकाच्या अनेक ओळी. मी ती पसारा समजून ओलांडून गेले होते. धाकट्या, त्या आवृत्त्या आहेत! कापून जोडायच्या वेगवेगळ्या रीती आणि मोजायच्या वेगवेगळ्या रीती. या खेपेला मी आईची अक्षरं एका तुकड्यात न शोधता अख्ख्या जनुकात शोधायला टाकली. क्षणात सापडली. आठव्या एक्झॉनमध्ये. आज सगळे जी आवृत्ती वापरतात तिच्यात अगदी सुरुवातीला एक छोटा तुकडा आहे, ज्यातून शरीर काहीच बनवत नाही. नुसतं संबोधन. जुन्या यादीत तो मोजलेला नाही. जुन्या यादीतला सातवा, नव्या यादीतला आठवा.

म्हणजे आईचा कागद खरा. तुझाही खरा. खोटं कुणीच बोललं नाही. तुझ्या माणसांनी ‘सातवा’ हा शब्द वाचला, आजच्या यादीतला सातवा उघडला, तेवढाच वाचला आणि लिहून टाकलं की बदल नाही. चुकीच्या खोलीचं दार उघडून आत कुणी नाही असं जाहीर केलंत. शेजारच्या खोलीत कोण बसलंय ते कुणीच पाहिलेलं नाही.

आता माझा शेवटचा प्रश्न, आणि इथे मी तुला सोडणार नाही. तुमच्याच प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात लिहिलंय की घराण्यातला ठाऊक असलेला बदल शोधताना, तो ज्याच्यात सापडला त्या माणसाचा नमुना शेजारी ठेवून वाचतात. आईचा नमुना शेजारी असता तर सातव्यात तिचाही बदल दिसला नसता, आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळलं असतं की खोली चुकली. पाणकोंबडीच्या अहवालात त्या रकान्यात काय आहे? ‘उपलब्ध नाही.’

उपलब्ध नाही? आईचा नमुना जपून ठेवलाय, असं तू मला तिच्या तेराव्याला सांगितलं होतंस. मग गेला कुठे? हरवलास? कुणाला दिलास? की तो पुन्हा वाचला जाऊ नये असं कुणाला वाटतंय?

सोळा तारीख जवळ आली आहे आणि मुलीने गोळ्या सोडल्या आहेत. हे पत्र कुरियरने येईल. मिळताच फोन कर. मी भाषण करणार नाही.

— ताई

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोनवर मी फार बोलले नाही, म्हणून लिहिते.

आकडा चुकल्याचं तू लगेच मान्य केलंस. “बरोबर आहे. आठवा. मी स्वतः तपासायला हवं होतं,” म्हणालास. मला एवढ्या सहज विजयाची सवय नाही. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं ते हातातच राहिलं. मग मी विचारलं, “आईचा नमुना कुठे आहे?”

“आहे. शीतकपाटात आहे.”

“मग ‘उपलब्ध नाही’ कुणी लिहिलं?”

“मी.”

“का?”

“थेंबभर उरलंय, ताई. एकदा उघडलं की संपेल. नळीवर माझं अक्षर आहे. त्या दिवशीचं. मी दोनदा हातात घेतली आणि परत ठेवली.”

मी या उत्तरावरही संशय घेऊन पाहिला. खरं सांगते. लाच, भीती, हलगर्जी, सूड, सगळं लावून पाहिलं. बसेना.

तुला वाटलं असेल, मी ओरडेन. तू तिथून म्हणालास पण, “बोल ना, ओरड.” मी म्हटलं, “उघड ती नळी.” तू म्हणालास, “आणि मग?” मी म्हटलं, “आईने आयुष्यात काही शिल्लक ठेवलं होतं का? शेवटची पोळीसुद्धा आपल्याला वाढली. हेही नातीसाठीच आहे.”

तेवढंच बोललो. आता राहिलेलं.

पाणकोंबडीला मी समोर बसवलं आणि संगणक उघडला. जुनी यादी, नवी यादी, दोन्ही पट्ट्या, सगळं दाखवलं. तिने स्वतः अक्षरं टाकून पाहिली. माझ्यावर तिचा विश्वास नाही आणि तो नाही हे मला आवडलं. मग आठव्यावर बोट ठेवलं.

“म्हणजे मला आहे?”

“म्हणजे अजून कुणी पाहिलंच नाही.”

“तू खूश आहेस ना?” ती म्हणाली. “तुझं बरोबर ठरलं.”

मंचावर मला असा एकही प्रश्न कुणी विचारलेला नाही. तिने फ्रिजवरचा कागद काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. फाडला नाही. सोळाच्या चाचणीला जाणार नाही असंही म्हणाली नाही. पोहण्याची पिशवी दाराशी आहे तशीच आहे. मी तिच्यावर पाळत ठेवून आहे. तू तिला फोन कर. माझं ती ऐकते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

— ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

सोळा तारखेला पाणकोंबडी तलावावर गेली. मी मागे गेले, लांबून. चाचणीच्या रांगेत उभी राहिली नाही. काठावर बसून दुसऱ्या मुलींचे टॉवेल मांडीवर घेतले. तुझ्याशी फोनवर काय ठरलं होतं ते तिने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. हे दुसरं वाक्य तू दोनदा वाच.

काल तुझा अहवाल आला. आठवा एक्झॉन. वर आईची पट्टी, खाली पाणकोंबडीची. सगळीकडे एकेरी लाटा, आणि एकाच ठिकाणी दोन लाटा एकावर एक. आईच्या पट्टीत जिथे, तिच्या पट्टीत तिथेच. हे वाचायला शास्त्रज्ञ लागत नाही. तिच्या बाबांनीसुद्धा चष्मा काढला आणि या खेपेला ‘दोघांचंही बरोबर’ म्हणाले नाहीत.

मी जिंकले, धाकट्या. तुझ्या प्रयोगशाळेला मी चूक दाखवली, तुम्ही आता मागचे सगळे अहवाल नव्या यादीशी ताडून पाहताय, हे तू कळवलंस. मोठं काम झालं. माझ्या आयुष्यात इतका निरुपयोगी विजय मला मिळालेला नाही.

अहवालासोबतची तुझी चिठ्ठी मी तीनदा वाचली. ‘ताई, पाणकोंबडीपर्यंत हे आईकडून उडी मारून आलेलं नाही.’

बस, एवढंच लिहिलंस. मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीस. आईकडून तिच्याकडे जायला एकच दार आहे, आणि त्या दारात मी उभी राहून दहा वर्षं जगाची झडती घेत होते. तलाववाले, तुझे वरिष्ठ, तू, तुझी सही, माझ्या मुलीची जीभ. चौकशी सगळ्यांची झाली पाहिजे, असं मी मंचावरून म्हणत आले. सगळ्यांत मी येते, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

फाटकावरच्या सभेत ऊन नव्हतं. ढगाळ होतं. खुर्ची मागवली नव्हती. मी खाली पडले आणि लोकांनी ती आणली. आणि ती पहिली वेळ नव्हती.

काल दुपारीच ईसीजी काढला. डॉक्टरबाईंनी तो कागद खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि मला बसा म्हणाल्या. मी बसलेलीच होते.

माझं रक्त सोबत पाठवते आहे. आईची नळी संपली असेल, पण तिची पट्टी आहे. तिच्याखाली पाणकोंबडी, तिच्याखाली मला लाव. आणि खाली एक जागा रिकामी सोडू नकोस. सगळ्या घराण्याचं रक्त वाचणाऱ्या माणसाने स्वतःचं कधी वाचलंय का, हा प्रश्न मी विचारत नाही. तुला तो ऐकू आला आहे. दाही दिशांनी संशय घेणाऱ्या बाईचा भाऊ आहेस. तुझ्या छातीत काय आहे ते मला कागदावर हवं.

माझीही गोळी आजपासून सुरू झाली. सकाळी चहाच्या दोन कपांशेजारी पाणकोंबडीने दोन गोळ्या ठेवल्या. स्वतःची तिने घेतली. मी माझी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि सवयीने काही तरी बोलायला लागले. प्रयोगशाळांच्या जबाबदारीबद्दल असावं.

ती टेबलावरून पुढे वाकली.

“तोंड उघड,” म्हणाली. “जीभ वर कर.”

— तुझी ताई